सिस्टोस्कोपी

सिस्टोस्कोपी : मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण आत नेऊन मूत्राशय, म्हणजे बोलीभाषेतली लघवीची पिशवी, आतून प्रत्यक्ष पाहण्याची तपासणी. मराठीत तिला मूत्राशयदर्शन म्हणतात. रुग्ण मात्र घरी ‘लघवीच्या जागेतून दुर्बीण घालणार आहेत’ एवढेच सांगतो आणि तेवढ्यानेच सगळ्यांना धास्ती बसते. साधी तपासणी पाच ते दहा मिनिटांत आटोपते. त्यातले अवघड क्षण मोजकेच असतात. ते नेमके केव्हा येणार हे आधी ठाऊक असेल, तर अंग आखडून धरले जात नाही आणि त्रासही कमी होतो.

तपासणीचे सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे लघवीतून रक्त जाणे. रक्त एकदाच दिसले, दुखले-खुपले नाही आणि आपोआप थांबले, म्हणून विषय संपत नाही; उलट न दुखता आलेले रक्त डॉक्टरांना अधिक खटकते. याशिवाय पुन्हापुन्हा होणारा जंतुसंसर्ग, बारीक किंवा अडखळती धार, मूत्रमार्ग आकसल्याची शंका, मूत्राशयातला खडा अशी कारणे असतात. मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळीत, ती वाट खुली राहावी म्हणून ठेवलेली बारीक नळी, अर्थात डीजे स्टेंटही, याच वाटेने काढतात. ‘सोनोग्राफी नॉर्मल आली, मग दुर्बीण कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की मूत्राशयाच्या अस्तरावर सपाट पसरणारा एक प्रकारचा कर्करोग सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये अनेकदा उमटतच नाही. तिथे गाठ नसते, असतो तो लालसर, मखमली दिसणारा डाग, आणि तो डोळ्यालाच दिसावा लागतो. मूत्राशयाची गाठ काढलेल्या रुग्णांत ती परत उद्भवण्याची शक्यता मोठी असल्याने साधारण तीन महिन्यांनी पहिली पाहणी करतात. पुढे अंतर वाढवत नेले, तरी हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. अशा रुग्णांना ही तपासणी डॉक्टरांइतकीच पाठ झालेली असते.

दुर्बिणी दोन प्रकारच्या असतात. लवचीक दुर्बीण साधारण पाच-साडेपाच मिलिमीटर जाडीची, म्हणजे पेन्सिलीहून बारीक असते. तिचे टोक बाहेरच्या खटक्याने वळवता येते. कडक दुर्बीण सरळ धातूची असते. तिच्यातून जाड हत्यारे घालता येतात, म्हणून गाठ काढणे, खडा फोडणे अशा कामांना ती लागते आणि बहुधा कमरेखालची किंवा पूर्ण भूल द्यावी लागते. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर आणि सरळ असल्याने त्यांच्यात कडक दुर्बीणही कधीकधी नुसत्या बधिर करणाऱ्या जेलवर चालते. पुरुषांत तो अठरा ते वीस सेंटिमीटर लांब, वळणाचा आणि प्रोस्टेट ग्रंथीतून जाणारा असतो. साहजिकच नुसत्या पाहणीसाठी पुरुषांत लवचीक दुर्बीणच सोयीची ठरते.

शरीराच्या आत उजेड कसा न्यायचा, हा या उपकरणाच्या इतिहासातला मोठा पेच होता. जर्मन डॉक्टर फिलिप बोत्सिनी यांनी १८०६च्या सुमारास मेणबत्ती आणि आरशांचा वापर करून पाहिला. जर्मन डॉक्टर माक्स नित्से यांनी १८७७ मध्ये प्रकाशाचा उगमच दुर्बिणीच्या टोकाशी नेला. तिथे विजेने तापवलेली प्लॅटिनमची तार होती आणि ती थंड ठेवायला पाणी खेळवावे लागे. १९५४ मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि नरिंदर सिंग कपानी या भौतिकशास्त्रज्ञांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते हे दाखवले. लवचीक दुर्बिणीचे मूळ तिथे आहे. पुढे हॉपकिन्स यांनीच काचेच्या कांड्यांची भिंगरचना करून कडक दुर्बिणीतले दृश्य लख्ख केले.

तयारी फारशी नसते. आधी लघवी तपासतात आणि जंतुसंसर्ग आढळला तर तपासणी पुढे ढकलतात, कारण संसर्ग असताना दुर्बीण घातल्यास जंतू रक्तात पसरण्याचा धोका असतो. नुसत्या जेलवर तपासणी असेल, तर उपाशी राहावे लागत नाही. भूल द्यायची असेल, तर उपाशी राहण्याच्या वेळा सांगितल्या जातात आणि घरी न्यायला सोबत कोणीतरी लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधीच सांगावे, पण ती परस्पर बंद करू नये. हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप असणाऱ्याने स्वतःच्या मनाने गोळी थांबवणे या तपासणीपेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे आहे. ॲलर्जी, गरोदरपण, हृदयातली कृत्रिम झडप हेही न विचारता सांगून टाकावे. प्रतिजैविकाची मात्रा सगळ्यांनाच लागते असे नाही. धोका जास्त असेल त्यांना ती देतात.

प्रत्यक्ष तपासणीआधी लघवी करून यायला सांगतात. कमरेखालचे कपडे काढून रुग्ण टेबलावर उताणा झोपतो. स्त्रियांना गुडघे वाकवून पाय फाकवून ठेवावे लागतात. संकोच बहुतेकांना इथेच सर्वांत जास्त वाटतो, आणि तो वाटणे अगदी स्वाभाविक आहे. तपासणीचा भाग सोडून बाकी अंग चादरीने झाकतात. जंतुनाशकाने पुसल्यावर बधिर करणारे लिडोकेनचे जेल मूत्रमार्गात सोडतात. ते गार लागते, किंचित चुरचुरते. जेल घातल्यावर काही मिनिटे थांबले तर बधिरता नीट येते. घाईत हा थांबा वगळला जाऊ नये.

मग दुर्बीण आत सरकते. सुरुवातीला दाब जाणवतो, दुखणे फारसे नाही. पुरुषांत खरी कळ येते ती लघवी रोखून धरणाऱ्या गोल स्नायूपाशी आणि लगेच पुढे प्रोस्टेटमधून जाताना. ही कळ काही सेकंदांची असते. डॉक्टर इथे ‘लघवी करायचा प्रयत्न करा’ किंवा ‘लांब श्वास सोडा’ असे सांगतात, ते उगाच नाही. लघवी सोडण्याच्या प्रयत्नाने तो स्नायू सैल होतो आणि वाट मोकळी होते. भीतीने अंग आवळले की तोच स्नायू घट्ट मिटतो. याच क्षणी दुर्बिणीला जोडलेली पाण्याची पिशवी दाबून प्रवाह वाढवण्याची युक्ती काही डॉक्टर वापरतात. पाण्याच्या जोराने मार्ग पुढे पुढे उघडत जातो.

आत पोहोचल्यावर दुखणे थांबते आणि निराळेच काहीतरी सुरू होते. रिकाम्या मूत्राशयाच्या घड्या उलगडल्याशिवाय अस्तर दिसत नाही, म्हणून निर्जंतुक पाणी किंवा सलाईन सोडतात. मूत्राशय भरू लागले की लघवीची जोराची घाई होते. ‘आता इथेच होणार’ असे वाटून रुग्ण कानकोंडा होतो. पण ते पाणी भरल्याचे लक्षण आहे, आणि थोडे पाझरले तरी तिथल्या कोणाला त्याचे नवल नसते. फारच असह्य झाले तर सांगावे, पाणी काढून घेता येते.

दुर्बिणीतले दृश्य दाखवणारा पडदा दिसेल असा ठेवलेला असला तर पाहायला हरकत नाही. लक्ष तिकडे गेले की त्रास कमी जाणवतो, असा अनेकांचा अनुभव आहे. निरोगी मूत्राशय फिकट गुलाबी, चकचकीत दिसते, वर नाजूक रक्तवाहिन्यांची जाळी. तळाशी त्रिकोणी भाग असतो. त्याच्या दोन कोपऱ्यांत मूत्रवाहिन्यांची चिरेसारखी मुखे, आणि त्यांतून थांबून थांबून लघवीचा बारीक फवारा येताना दिसतो. वरच्या घुमटाशी तरंगणारा हवेचा बुडबुडा डॉक्टरांना दिशा ओळखायला उपयोगी पडतो. शेवटी दुर्बिणीचे टोक उलटे वळवून ती ज्या वाटेने आली ती मूत्राशयाची मान, म्हणजे मूत्रमार्गाकडचे तोंडही, पाहतात. शंकास्पद जागेचा चिमटीने तुकडा घेतला तर क्षणभर टोचल्यासारखे वाटते. दुर्बीण बाहेर येताना फारसे कळतही नाही.

भूल दिली नसेल तर रुग्ण लगेच उठून चालू शकतो. पहिल्या एक-दोन लघव्यांना चांगलीच आग होते आणि लघवी गुलाबी दिसू शकते. एक-दोन दिवस जळजळ आणि वरचेवर लघवीला जावेसे वाटणे चालते. पाणी भरपूर प्यायल्याने ते लवकर निवळते. आग होते म्हणून पाणी कमी पिण्याकडे कल असतो. त्याने लघवी घट्ट होऊन आग वाढतेच. पाहिलेले डॉक्टर तिथल्या तिथे सांगू शकतात, पण घेतलेल्या तुकड्याचा अहवाल यायला काही दिवस लागतात.

थंडी वाजून ताप, रक्ताच्या गुठळ्या किंवा गडद लाल लघवी, दोन दिवसांनंतरही न थांबणारी जळजळ यांपैकी काही झाले तर डॉक्टरांना कळवावे. पोट तटतटून लघवी अजिबात होत नसेल, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे लागते, कारण अशा वेळी नळी घालून मूत्राशय रिकामे करण्यावाचून उपाय नसतो.