तंबाखूचं पाणी "नॅचरल" आहे म्हणून कितीही मारायचं नसतं

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत बाल्कनीतल्या जास्वंदीवर मिलीबग दिसला, म्हणजे ते पांढरे, कापसासारखा थर करणारे किडे, की लगेच कोणीतरी सांगतं तंबाखू उकळून मार, झाडपाल्याचंच आहे, त्याने काय होतंय. अहो होतं! तंबाखूतलं निकोटिन हे जबरदस्त विष आहे, ते कातडीतूनसुद्धा अंगात जातं, आणि आपण ते उघड्या हाताने मिरचीवर, पुदिन्यावर मारतो आणि चार दिवसांनी तोच पुदिना चटणीत. शिवाय तंबाखूतून मोझॅक व्हायरस टोमॅटो-मिरचीला लागू शकतो, पानं चट्ट्यापट्ट्यांची होतात आणि त्यावर औषध नाही, झाड उपटूनच टाकावं लागतं. शेवंतीच्या जातीतल्या फुलांपासून काढलेलं पायरेथ्रम हे कीटकनाशकही नैसर्गिकच, पण ते मधमाश्यांना आणि पाण्यातल्या माशांना मारतं, त्यामुळे फिश टँकजवळ तर नकोच.

मग वापरायचं काय, तर कडुनिंबाचं तेल, १ लिटर पाण्यात ५ मिली आणि थोडा लिक्विड साबण, कारण तेल नुसतं पाण्यात मिसळत नाही. संध्याकाळीच मारा, उन्हात त्यातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किड्यांवर काम करणारं मुख्य द्रव्य, लवकर निकामी होतं आणि पानंही करपतात. दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले म्हणून डोस डबल करू नका प्लीज, ते किड्यांचं खाणं आणि वाढ थांबवतं, वेळ लागतो. आधी एकाच पानावर मारून बघा. आणि मिलीबग थोडाच असेल तर जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी, मी तरी आधी तेच करते.