ॲलन पेज यांची वकिली मैदानावर असतानाच सुरू झाली

वकिलाने राजकारणात जावं याचं कोकणाला नवल नाही. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै राजापूर मतदारसंघातून १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा लोकसभेवर गेले. रायगडचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले. फुटबॉलही सावंतवाडी-दोडामार्गाला परका नाही, गोवा शेजारीच आहे. पण फुटबॉलपटू वकील झाला आणि वकिलीच्या बळावर मोठ्या पदावर बसला, असं आपल्या किनाऱ्यावर सहसा ऐकू येत नाही. "खेळून पुढे काय करणार?" असं ज्या घरांत मुलांना रोज विचारलं जातं, त्यांना अमेरिकेच्या ॲलन पेज यांची हकीकत माहीत असायला हवी.

पेज यांचा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचा, अंगावर धडका घ्यायच्या, असा तो अमेरिकी खेळ. त्यांचा जन्म १९४५ चा, ओहायोतल्या कँटन गावचा. कृष्णवर्णीय मुलाने मोठं होऊन पोलाद कारखान्यात लागायचं, हे तिथे जवळपास ठरलेलंच असे. ते आठ वर्षांचे असताना, १९५४ मध्ये, शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. नोत्र दाम विद्यापीठातून पदवी घेऊन १९६७ मध्ये ते मिनेसोटा व्हायकिंग्ज संघात दाखल झाले. १९७१ मध्ये तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यांना मिळाला. बचावफळीतल्या खेळाडूला तो पहिल्यांदाच मिळत होता.

माझ्या मते खरी गोष्ट सुरू होते ती खेळाडूंच्या संघटनेत. त्या काळी करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. दुसऱ्या क्लबने त्याला घेतलं, तर जुन्या क्लबला भरपाई द्यावी लागे, आणि दोघांचं जमलं नाही तर ती किती द्यायची हे लीगचे आयुक्त ठरवत. एवढी जोखीम कोण घेणार? १९७४ मध्ये खेळाडूंनी या जाचाविरुद्ध संप केला. पेज संघटनेचे प्रतिनिधी होते, तिच्या कार्यकारिणीतही होते. संप फसला, पण न्यायालयातला लढा चालू राहिला. १९७५ च्या अखेरीस मिनियापोलिसच्या संघीय न्यायालयाने तो नियम बेकायदा ठरवला, आणि त्याच वर्षी पेज यांनी मिनेसोटा विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासाला प्रवेश घेतला होता. करारातल्या एका कलमाने माणूस कसा जखडला जातो, हे ज्याने सोसलंय त्याला कायद्याचं पुस्तक रुक्ष वाटणार नाही.

हंगाम आणि कॉलेज दोन्ही सांभाळत १९७८ मध्ये त्यांनी पदवी मिळवली. त्याच वर्षी व्हायकिंग्जने त्यांना सोडलं. धावण्याच्या छंदाने त्यांचं वजन उतरलं होतं, ही संघाची तक्रार. शिकागो बेअर्सने अवघं शंभर डॉलर शुल्क भरून त्यांना घेतलं, आणि ते १९८१ पर्यंत तिथे खेळले. आपल्याकडच्या खेळाडूला हा मार्ग अवघडच. बार कौन्सिलच्या नियमांनुसार कायद्याचे वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सातच्या दरम्यान व्हावे लागतात, हजेरी ७० टक्के लागते, आणि पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. क्रीडा कोट्यातून रेल्वेत किंवा बँकेत लागलेल्या मुलाला पदवी घेऊनही सनद वापरता येणार नाही. नियमामागची कारणं मला समजतात, तरी खेळाडूंसाठी काही वाट काढावी असं मनापासून वाटतं.

पेज पुढे एका वकिली फर्ममध्ये आणि नंतर राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात होते. मिनेसोटात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश लोक निवडून देतात, पक्षाच्या चिन्हाशिवाय. १९९२ मध्ये त्यांना उभं राहायचं होतं, पण गव्हर्नरांनी विद्यमान न्यायाधीशांची मुदत वाढवली आणि निवडणूकच टळली. पेज न्यायालयात गेले. ज्या न्यायालयात त्यांना जायचं होतं त्याच्यापुढेच हा दावा, म्हणून खास नेमलेल्या न्यायाधीशांनी तो ऐकला आणि निवडणूक घ्यायला लावली. पेज ती जिंकले. त्या न्यायासनावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. २०१५ मध्ये, राज्याच्या नियमाप्रमाणे सत्तरीला, ते निवृत्त झाले.

आपल्याकडे फुटबॉलपटू प्रसून बॅनर्जी हावड्याचे खासदार झाले, बायचुंग भुतियाने सिक्कीममध्ये पक्ष काढला. पण ते मैदानातून थेट राजकारणात गेले. कायद्याची गरज आपल्या फुटबॉललाही काही कमी नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारताला निलंबित केलं, तेव्हा भारतीय फुटबॉल महासंघाचा कारभार कोणी पाहायचा याचा वाद सर्वोच्च न्यायालयातच चालू होता.

पेज यांनी पत्नीसोबत १९८८ मध्ये शिष्यवृत्ती देणारी संस्था काढली. तिची मदत घेणाऱ्या महाविद्यालयीन मुलांनी शाळकरी मुलांना शिकवायला वेळ द्यायचा, ही तिची अट आहे.