वैमानिकांच्या ज्येष्ठता याद्यांचे विलीनीकरण

दोन विमान कंपन्या एक झाल्या की त्यांच्या वैमानिकांच्या स्वतंत्र सेवाज्येष्ठता याद्यांमधून एकच यादी तयार करावी लागते. या प्रक्रियेला ज्येष्ठता याद्यांचे विलीनीकरण म्हणतात. विमानांचे रंग, गणवेश आणि तिकीटविक्रीची यंत्रणा काही वर्षांत एक होते. वैमानिकांची यादी मात्र कधीकधी दहा वर्षे उलटली तरी एक होत नाही. अमेरिकेतील यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्यांच्या २००५ मधील विलीनीकरणातून उद्भवलेला वाद हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

सरकारी कचेरीत ज्येष्ठता यादीची आठवण पदोन्नतीच्या वेळी होते. अमेरिकेतील मोठ्या कंपनीच्या वैमानिकाला ती दर महिन्याला होते. पुढील महिन्याच्या उड्डाणांचे वेळापत्रक निघाले की वैमानिक आपापली पसंती नोंदवतात आणि यादीच्या पहिल्या क्रमांकापासून खाली उतरत ती पुरवली जाते. कोणत्या शहरातून काम करायचे, कोणते विमान उडवायचे, को-पायलटचा कॅप्टन कधी व्हायचे, नाताळात घरी राहायला मिळणार की नाही, हे सारे त्या एका क्रमांकावर ठरते. मंदी आली की कपात यादीच्या तळापासून सुरू होते आणि कपात झालेल्यांना परत बोलावतानाही हाच क्रम पाळला जातो. शिवाय हा क्रमांक सोबत नेता येत नाही. वीस वर्षे कॅप्टन राहिलेला वैमानिक दुसऱ्या कंपनीत गेला, तर तेथे सर्वांत खालचा को-पायलट म्हणून रुजू होतो. आपल्याकडे आंतरजिल्हा बदली घेणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ज्येष्ठतेवर पाणी सोडावे लागते, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की शिक्षक बदली स्वतः मागतो, तर कंपन्यांचे विलीनीकरण वैमानिकाला विचारून होत नाही.

याद्या एकत्र करण्याची सर्वांत सोपी वाटणारी रीत म्हणजे नेमणुकीच्या तारखेनुसार सर्वांना ओळीने लावणे. तिच्यातील अडचण अशी, की जुन्या पण डबघाईला आलेल्या कंपनीत पंधरा वर्षे काढलेला को-पायलट आणि वेगाने वाढणाऱ्या कंपनीत सहा वर्षांत कॅप्टन झालेला वैमानिक यांची तुलना तारीख करू शकत नाही. म्हणून दुसऱ्या रीतीत विमानाचा प्रकार आणि हुद्दा यांनुसार गट पाडून, प्रत्येक गटात दोन्हीकडच्या संख्येच्या प्रमाणात नावे आळीपाळीने गुंफली जातात. तिसरी रीत सर्वांत कठोर आहे: विकत घेतलेल्या कंपनीची नावे दुसऱ्या यादीच्या तळाशी जोडून टाकायची. कागदाला कागद टाचल्यासारखी ही कृती असल्यामुळे अमेरिकी वैमानिक तिला ‘स्टेपल’ करणे म्हणतात. निवाड्यांमध्ये बहुधा या रीतींचे मिश्रण असते आणि जोडीला ‘कुंपणे’ घातली जातात, म्हणजे ठरावीक विमाने किंवा ठरावीक शहरांतील जागा काही वर्षांपुरत्या एका गटासाठी राखून ठेवल्या जातात.

यूएस एअरवेज ही पूर्व किनाऱ्यावरची जुनी कंपनी होती. ती २००२ आणि २००४ अशी दोनदा दिवाळखोरीत गेली होती. अमेरिका वेस्ट ही ॲरिझोनातील तुलनेने तरुण कंपनी होती. सप्टेंबर २००५ मध्ये दोन्ही एक झाल्या, तेव्हा पूर्वेकडे सुमारे ५,१०० वैमानिक होते, पण त्यांपैकी सुमारे १,७०० कपातीमुळे घरी बसलेले होते. पश्चिमेकडचे सुमारे १,९०० वैमानिक होते. पूर्वेकडील वैमानिकांना नेमणुकीची तारीख हाच निकष हवा होता. पश्चिमेकडील वैमानिकांचे म्हणणे असे, की आमच्या कंपनीशी गाठ पडली नसती तर तुमची कंपनी उरलीच नसती. मग न उरलेल्या कंपनीतील वर्षांचे मोल किती धरायचे? दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणूनच तडजोड झाली नाही.

दोन्ही गट एअर लाइन पायलट्स असोसिएशन या एकाच संघटनेचे सभासद होते. संघटनेच्या धोरणाप्रमाणे प्रकरण जॉर्ज निकोलाऊ यांच्या अध्यक्षतेखालील लवादाकडे गेले आणि मे २००७ मध्ये निवाडा आला. पश्चिमेच्या ताफ्यात रुंद बांध्याची मोठी विमाने नसल्यामुळे पूर्वेकडील सुमारे ५०० ज्येष्ठ वैमानिकांना यादीच्या शिरोभागी स्थान मिळाले. मधली नावे प्रमाणानुसार गुंफली गेली. कपातीत असलेले पूर्वेकडील वैमानिक सर्वांत खाली गेले. परिणामी, सतरा वर्षांपूर्वी नेमणूक झालेला पूर्वेकडील वैमानिक नुकत्याच रुजू झालेल्या पश्चिमेकडील वैमानिकाच्याही खाली आला. पूर्वेकडे संताप उसळला तो या एका तुलनेवरून.

निवाडा अंतिम आणि बंधनकारक होता. तेव्हा पूर्वेकडील वैमानिकांनी संघटनाच बदलली. यूएस एअरलाइन पायलट्स असोसिएशन ही नवी संघटना त्यांनी स्थापन केली आणि नेमणुकीच्या तारखेनुसार ज्येष्ठता हे तत्त्व तिच्या घटनेतच लिहून टाकले. एप्रिल २००८ मधील निवडणुकीत तिला २,७२३, तर जुन्या संघटनेला २,२५४ मते पडली. पूर्वेची संख्या मोठी असल्याने निकाल अनपेक्षित नव्हता. लवादापुढे हरलेली बाजू मतपेटीतून जिंकली, असे याचे वर्णन करता येईल. मात्र नवी संघटना कायद्याने पश्चिमेकडील वैमानिकांचीही प्रतिनिधी होती आणि सगळे खटले याच मुद्द्यावर लढले गेले.

पश्चिमेकडील वैमानिकांनी ॲरिझोनातील फिनिक्स येथील संघराज्य न्यायालयात दावा लावला. मे २००९ मध्ये ज्यूरीने पश्चिमेकडील वैमानिकांचे न्याय्य प्रतिनिधित्व न केल्याबद्दल नव्या संघटनेला दोषी धरले. जून २०१० मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल रद्द केला. कारण तांत्रिक होते: संयुक्त वेतनकरार अजून झालेलाच नसल्यामुळे हानी प्रत्यक्षात घडलेली नाही आणि वाद निर्णयायोग्य झालेला नाही. या युक्तिवादाचा व्यवहारातील अर्थ विचित्र होता. करार झाला तर नवी यादी लागू होणार, म्हणून करारच होऊ न देणे यात पूर्वेकडील अनेकांना आपले हित दिसू लागले. त्याची किंमत त्यांनी स्वतःच मोजली, कारण करार नाही तोवर दिवाळखोरीच्या काळात कापलेले वेतन तसेच चालू राहिले. एकाच कंपनीच्या विमानांत पूर्वेचे वैमानिक पूर्वेच्या कराराखाली आणि पश्चिमेचे पश्चिमेच्या कराराखाली काम करत राहिले. एका गटाचा को-पायलट दुसऱ्या गटाच्या कॅप्टनशेजारी बसत नसे. सप्टेंबर २०११ मध्ये तर उड्डाणे हेतुपुरस्सर रेंगाळवल्याच्या तक्रारीवरून न्यायालयाने संघटनेला मनाईहुकूम दिला.

१५ जानेवारी २००९ रोजी पक्षी धडकल्यामुळे न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवलेले विमान याच कंपनीचे होते. त्याचे कॅप्टन चेस्ली सलनबर्गर पूर्वेकडील गटातले, पण रेडिओवरील पुकारनाम ‘कॅक्टस’ हे वाळवंटातल्या अमेरिका वेस्टचे. पक्षी धडकल्यानंतरच्या गडबडीत त्यांनी १५४९ या उड्डाणक्रमांकाऐवजी ‘कॅक्टस १५३९’ असा उच्चार केल्याची नोंद आहे. त्यानंतरच्या महिन्यात अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष देताना त्यांनी आपले वेतन ४० टक्के कापले गेल्याचे आणि निवृत्तिवेतन योजना संपुष्टात आल्याचे सांगितले. पूर्वेकडील वैमानिक ज्येष्ठतेला इतके का चिकटून होते, हे त्यावरून उमगते. बाकीचे सगळे आधीच गेले होते.

डिसेंबर २०१३ मध्ये यूएस एअरवेज अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली, तेव्हाही तिच्याकडे वैमानिकांच्या दोन याद्या होत्या. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने संघटनेने पश्चिमेकडील वैमानिकांच्या न्याय्य प्रतिनिधित्वाच्या कर्तव्याचा भंग केल्याचे ठरवले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये तीन सदस्यांच्या लवादाने अमेरिकन, पूर्व आणि पश्चिम अशा तिन्ही गटांची एकत्रित यादी जाहीर केली.

अमेरिकन एअरलाइन्सला या विषयाचा पूर्वानुभव होता. २००१ मध्ये तिने ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स (टीडब्ल्यूए) विकत घेतली, तेव्हा त्या कंपनीचे बरेच वैमानिक आणि सर्व हवाई परिचारक तळाला टाचले गेले आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतरच्या कपातीत हेच लोक प्रथम घरी गेले. टीडब्ल्यूएचे मुख्य केंद्र मिसुरी राज्यात होते. तेथील दोन सिनेटरांच्या नावाने ओळखली जाणारी मॅककॅस्किल–बाँड ही दुरुस्ती डिसेंबर २००७ मध्ये संमत झाली आणि याद्यांचे विलीनीकरण न्याय्य रीतीने करण्याचे, एकमत न झाल्यास लवादाकडे जाण्याचे बंधन कायद्यात आले.

भारतात हा प्रश्न २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्यावर उभा राहिला. नरिमन पॉइंटच्या इमारतीतून चालणाऱ्या एअर इंडियाचे वैमानिक इंडियन पायलट्स गिल्डचे, तर देशांतर्गत सेवेतील वैमानिक इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनचे सभासद होते. दुसऱ्या संघटनेने २०११ मध्ये वेतनसमानतेसाठी संप केला. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला, पण मे महिन्यात गिल्डचे वैमानिक सामूहिक आजारी रजेवर गेले. कळीचा मुद्दा होता बोइंग ७८७ ड्रीमलायनरचा. विलीनीकरणापूर्वी एअर इंडियाने मागवलेल्या या २७ विमानांवर पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना प्रशिक्षण दिले, तर आपल्या को-पायलटांचे कॅप्टनपद लांबणीवर पडेल, असे गिल्डचे म्हणणे होते. फिनिक्समध्ये जो युक्तिवाद झाला, तोच येथे सांताक्रूझ-अंधेरीच्या बाजूने ऐकू आला. हा संप ५८ दिवस चालून जुलैच्या प्रारंभी मिटला. पहिला ड्रीमलायनर सप्टेंबरमध्ये दिल्लीत उतरला.