तिशीतच लागणारी चाळिशी

मोतीबिंदू, म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं, म्हटला की आजी-आजोबा डोळ्यांसमोर येतात. पण तो ऐन तिशीतही होतो, आणि तेव्हा त्यामागे बहुधा काही कारण सापडतं: मधुमेह, डोळ्याला लागलेला मार, डोळ्याच्या आत पुन्हा पुन्हा येणारी सूज किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स. स्टिरॉइड्सचा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या बाजूला धरतो, अनेकदा अगदी मधोमध. त्यामुळे अंधुक खोलीत बरं दिसतं, पण उन्हात बाहुली बारीक झाली की सगळं पांढुरकं होऊन जातं.

शस्त्रक्रिया तशी छान होते. तरुण भिंग मऊ असतं, ते फोडून काढायला फारशा ध्वनिलहरी लागत नाहीत. डोळ्यात दुसरा आजार नसेल तर लांबची नजर सहसा उत्तम येते. तरीही काही तरुण रुग्ण नाराज होतात, आणि त्यांची नाराजी मला अगदी रास्त वाटते.

विशीतलं निरोगी भिंग आकार बदलून सुमारे 10 डायॉप्टरपर्यंत (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद मोजायचं एकक) ताकद वाढवू शकतं. हातभर अंतरावरचं वाचायला त्यातली 3 पुरतात. साठीच्या माणसाकडे ही लवचीकता उरलेलीच नसते, त्यामुळे भिंग काढल्यावर त्याचं या बाबतीत काही जात नाही. तरुणाचं मात्र जातं. नेहमीचं, एकाच अंतरावर नेमलेलं कृत्रिम भिंग बसवलं की चाळिशी एका दिवसात लागते. मायनस नंबरवाल्यांना तर हे फारच जाणवतं. आजवर चष्मा काढून ते जवळचं आरामात वाचत होते. लांबचं नीट केलं की ती सोय संपते. म्हणून काही जण मुद्दाम थोडा मायनस नंबर राखून ठेवायला सांगतात, आणि तो विचार चांगला आहे. जवळ-लांब दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल भिंगंही मिळतात, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. रात्री गाडी चालवणाऱ्याने हे आधीच डॉक्टरांशी बोलावं.

भिंगामागच्या पातळ पिशवीवर जाळी येणं तरुणांत जास्त आणि लवकर होतं, कारण उरलेल्या पेशी जोमाने वाढतात. लेझरने ती काही मिनिटांत मोकळी होते.

खरी काळजी आहे दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागचा प्रकाश टिपणारा पडदा, सुटण्याची. हा धोका एकूण कमीच, पण तरुणांत, त्यातही पुरुषांत आणि मोठ्या मायनस नंबरात, तो वाढतो. डोळ्यातला जेलीसारखा द्रव या वयात पटलाला घट्ट चिकटलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर तो पुढेमागे सुटतो, तेव्हा पटलाला ओढ बसून ते फाटू शकतं. हे काही महिन्यांनी होईल, काही वर्षांनीही होईल. विजेसारखे चमकारे, अचानक वाढलेले काळे ठिपके, कडेने सरकत येणारा काळा पडदा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डोळे तपासून घ्या. दुखत नाही म्हणून थांबू नका. दृष्टिपटल सुटताना दुखतच नाही.