पिंप रिकामं केलं, तरी अळ्या परत का?

आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळायचा, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी काही घरांत पिंप भरलं की दोन-तीन दिवसांत अळ्या वळवळतातच. डासांची अंडी पिंपाच्या आतल्या बाजूला चिकटलेली राहून गेलेली असतात.

डेंगी पसरवणारी एडिस इजिप्ती मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ओलसर भिंतीवर ती एकेक अंडं चिकटवते. ताजं अंडं पांढरं असतं, काही तासांत काळं पडतं. पहिल्या अर्ध्या-पाऊण दिवसात गर्भाभोवती पाणी धरून ठेवणारं आणखी एक आवरण तयार होतं. त्याआधी भिंत वाळली तर अंडं चेपतं आणि मरतं. नंतर मात्र ते कित्येक महिने कोरडं राहू शकतं आणि पाणी चढलं की त्यातून अळी बाहेर पडते. म्हणून पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. पाणी जिथवर चढतं तो पट्टा काथ्याने किंवा ताठ ब्रशने घासावा आणि धुतलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात न टाकता उन्हात तापलेल्या जमिनीवर ओतावं.

गटारातला क्युलेक्स वेगळा. त्याची अंडी पुंजक्याने पाण्यावर तरंगतात, वाळली की संपली. त्याची अळी शेपटाकडची लांब श्वासनळी पृष्ठभागाला लावून डोकं खाली करून लोंबकळते. नळीचं टोक पाण्याने भिजत नाही, पण तेलाने भिजतं. तेल आत शिरलं की अळी गुदमरते. गटारात प्लास्टिक आणि पाला तरंगत असेल तर तेलाचा थर तुटतो आणि त्या फटींत अळ्या तगून राहतात. तेव्हा आधी कचरा, मग तेल.

हिवतापाच्या ॲनोफिलिसच्या अळीला अशी नळीच नसते. पाठीवरच्या ताडाच्या पानासारख्या केसांच्या आधाराने ती पृष्ठभागाला समांतर पडून राहते आणि डोकं पूर्ण उलटं फिरवून वरचं खाद्य ओढते. शहरातल्या ॲनोफिलिस स्टीफेन्सीला गच्चीवरची टाकी फार मानवते. झाकण घट्ट हवंच, पण हवेच्या पाइपाला बारीक जाळी लावायची राहून जाते, तीही हवी.

सगळ्यात चिवट मॅन्सोनिया. त्याची अळी वर येतच नाही. करवतीसारखी धार असलेली नळी ती जलपर्णीच्या मुळात खुपसते आणि मुळातली हवा घेते. इथे तेल ओतणं म्हणजे पैसे पाण्यात. जलपर्णी मुळासकट काढून काठापासून दूर वाळत घालावी लागते.

आणखी एक फसगत कोषाची, म्हणजे अळी आणि डास यांच्या मधल्या अवस्थेची. बीटीआय हे जिवाणूंपासून केलेलं औषध पोटात गेलं तरच अळीला मारतं, आणि कोष काही खातच नाही. फवारणीच्या वेळी पाण्यात कोष असतील तर दोनेक दिवसांत डास उडतात आणि लोक औषधाला नावं ठेवतात. फवारण्याआधी पळीभर पाणी पांढऱ्या ताटलीत ओतून पाहावं. वाकडे, मोठ्या डोक्याचे, हलवलं की गटांगळ्या खात खाली जाणारे जीव दिसले, तर ते कोष. भांडं लहान असेल तर पाणी ओतूनच टाकावं.