दोन डोळ्यांत न मावणारा ज्वालामुखी

वीतभर पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले दोन तपकिरी फोटो. वरवर पाहता एकाच दृश्याच्या दोन प्रती. स्टिरिओस्कोपच्या भिंगांना डोळे लावले की दोन्ही चित्रं सरकत एकमेकांवर बसतात आणि यलोस्टोनमधल्या मॅमथ हॉट स्प्रिंग्ज या गरम झऱ्यांच्या पांढऱ्या पायऱ्या कागदातून उठून पुढ्यात येतात. पायरीच्या कडेची झालर बोटाने चाचपावीशी वाटते.

छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन १८७१ मध्ये भूवैज्ञानिक फर्डिनंड हेडनच्या सर्वेक्षण तुकडीबरोबर अमेरिकेतल्या यलोस्टोनला गेला. तेव्हा काचेच्या प्लेटला रसायनाचा लेप द्यायचा, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायची, असा खटाटोप होता. मॅमथला त्याने प्लेटा झऱ्याच्याच कढत पाण्याने धुतल्या. त्या झटपट वाळायच्या. १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं, त्यात या फोटोंचाही वाटा होता.

या पायऱ्या चुन्याच्या. गरम पाणी जमिनीखालच्या चुनखडीतून चुना विरघळवत वर येतं, उघड्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना खाली बसतो. झरे जागा बदलतात तशा पायऱ्याही बदलतात, म्हणून जुन्या जोडफोटोंना मोल.

पाणी तापवणारा ज्वालामुखी मात्र फोटोत सापडत नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ पातळ, वाहत्या लाव्ह्याचा. यलोस्टोनचा रायोलाइट लाव्हा सिलिकामुळे चिकट. त्यात वायू कोंडतो आणि स्फोट होतो. सुमारे ६,४०,००० वर्षांपूर्वी असाच महास्फोट होऊन खालचा शिलारस बाहेर पडला, वरचं छप्पर खचलं आणि साधारण ७० बाय ४५ किलोमीटरचा कॅल्डेरा, म्हणजे खचून झालेलं प्रचंड विवर, तयार झाला.

एवढा पसारा दिसावा कसा? दोन डोळ्यांत अंतर जेमतेम साडेसहा सेंटीमीटर. दूरचा डोंगर दोघांनाही सारखाच दिसतो, म्हणून सपाट वाटतो. तरी माउंट वॉशबर्नवरून पाहताना हेडनला हे प्राचीन ज्वालामुखीचं विवर असावं असं वाटलं होतं. या गड्याची नजर खरीच!

आता उपग्रह वेगवेगळ्या वेळी रडारने टिपलेल्या प्रतिमांच्या जोड्या ताडून जमिनीची हालचाल मोजतात. २००४ नंतर काही काळ कॅल्डेराचा तळ वर्षाला ७ सेंटीमीटरपर्यंत वर उचलला जात होता. म्हणजे साधारण आपल्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा.