इंजिन कुठे घट्ट धरायचं, कुठे मोकळं सोडायचं

कसारा घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की एक ‘ठक्’, पुढच्या ट्रकमुळे पाय उचलला की दुसरा ‘ठक्’. दोन्ही वेळा गिअरचा दांडा हातात जरासा हलतो. छोट्या गाडीत हे सुरू झालं की संशय आधी क्लचवर किंवा एक्सलवर जातो. त्याआधी फाउंडेशन बघावं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारे रबरी माउंट. ते गेलेत हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: बदलतोच आहोत तर पॉलियुरेथेनचे (रबरासारखं पण जास्त कडक प्लास्टिक, थोडक्यात ‘पॉली’) माउंट टाकावेत का? कोणत्या जागचा माउंट बदलताय, त्यावर उत्तर ठरतं.

आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना जोर, अशा गाड्यांत आता बहुधा तीनच माउंट असतात. उजवीकडे इंजिनाचा, डावीकडे गिअरबॉक्सचा. सव्वाशे-दीडशे किलोचं सगळं ओझं या दोघांवर. तिसरा खाली मागच्या बाजूला, सबफ्रेमला (सांगाड्याखालच्या जाड चौकटीला) जोडलेला आखूड दांडा. दोन्ही टोकांना बुश (धातूच्या कवचात बसवलेलं रबर) असलेल्या या दांड्याला टॉर्क रॉड म्हणतात. तो वजन उचलत नाही. वरच्या दोन माउंटांवर इंजिन झोपाळ्यासारखं लटकतं आणि त्याचे हेलकावे हा दांडा अडवतो. २००७ साली नाशिकच्या महिंद्र कारखान्यातून बाहेर पडू लागलेल्या लोगनमध्ये हीच मांडणी होती.

या दांड्यावर किती जोर येतो, याचा हिशेब बरेच जण चुकवतात. इंजिन ११० न्यूटन-मीटरचं, म्हणून माउंटवरही तेवढाच पीळ (टॉर्क), असं वाटतं. पण इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे गिअर) एकमेकांना बोल्टने आवळलेले असतात. त्यामुळे चाकांना मिळणाऱ्या पूर्ण पिळाची प्रतिक्रिया त्या सगळ्या धुडावर उलटी येते. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून पीळ १४ पट होतो असं धरलं, तर ११० चे होतात १,५४०. टॉर्क रॉड वरच्या माउंटांच्या रेषेपासून ४० सेंटिमीटर खाली असेल, तर त्यावरची ओढ ३,८५० न्यूटन, म्हणजे जवळपास ३९० किलोचा भार, आणि तो मुठीत मावेल एवढ्या बुशवर. पाय उचलला की ओढीची दिशा उलटते. घाटात हे शेकडो वेळा घडतं. नाशिकलाच बनलेल्या एक्सयूव्ही ३०० च्या टर्बो पेट्रोल इंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटर. तिथे ही ओढ कुठे जाईल ते त्रैराशिकाने काढता येईल.

मग सगळंच कडक का करू नये? कारण माउंटचं दुसरं काम पहिल्याच्या बरोबर उलट आहे: इंजिनाची थरथर केबिनपर्यंत पोहोचू द्यायची नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. आयडलिंग (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ७५० आरपीएमचं, म्हणजे मिनिटाला ७५० फेऱ्यांचं असेल, तर सेकंदाला २५ धक्के, म्हणजे २५ हर्ट्झ. रबरावर बसलेल्या इंजिनाची स्वतःची डुलण्याची वारंवारता १० हर्ट्झ धरू. धक्क्यांची वारंवारता या आकड्याच्या १.४१ पटीच्या वर गेली की माउंट कंपन अडवू लागतो. त्याच्या खाली असेल तर उलट वाढवतो. २५ आणि १० मध्ये अडीच पटीचं अंतर आहे, म्हणून थरथरीचा साधारण पाचवा हिस्साच सांगाड्याला जातो.

आता तिन्ही माउंट कडक केले असं समजू. रबराचा कडकपणा शोअर ए मापावर मोजतात. मूळ माउंट साधारण ४५ ते ६० च्या आसपास, पॉलीचे ७० ते ९५. ५० वरून ७० वर गेलं की ताठरपणा अंदाजे अडीच पट होतो आणि डुलण्याची वारंवारता १० वरून १६ हर्ट्झच्या जवळ सरकते. मग पाचव्या हिश्श्याऐवजी दोन तृतीयांश थरथर आत येते. तीन सिलिंडरच्या गाडीचं दुखणं याहून मोठं: तिथे ७५० आरपीएमला धक्के सेकंदाला १९ सुद्धा नाहीत. १६ आणि १९ इतके जवळ आले की कंपन अडणं सोडाच, ते दुपटीच्या वर जातं. पॉली थोडी ऊर्जा पिऊन टाकतं, म्हणून प्रत्यक्षातला आकडा कागदावरच्यापेक्षा कमी येतो, पण नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की आरसा थरथरताना दिसतोच. आजच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या तीन सिलिंडरच्या आहेत, तेव्हा ‘सगळेच माउंट कडक करा’ हा मोटरस्पोर्टवाल्यांचा सल्ला डोळे झाकून घेऊ नये.

म्हणून रोजच्या गाडीत वजन पेलणारे वरचे दोन माउंट मूळ प्रतीचे नवे टाकावेत आणि कडक करायचाच असेल तर फक्त टॉर्क रॉड. त्यातही दांड्याचं सबफ्रेमकडचं मोठं बुश, शोअर ७० च्या आसपासचं. ९५ चं किंवा भरीव ॲल्युमिनियमचं बुश ट्रॅकवर चालतं. रस्त्यावर त्याचे हादरे ब्रॅकेट आणि सबफ्रेमला खावे लागतात. आयडलिंगची थरथर एवढ्यानेही थोडी वाढतेच.

मोठ्या बुशच्या रबरात मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. त्या बघून ‘फाटलाय’ म्हणत चांगला माउंट काढून टाकणारे आहेत. आयडलिंगला रबर त्या फटीच्या मोकळ्या जागेत हलतं, म्हणून मऊ लागतं. जोर आला की फट मिटते आणि रबर एकदम ताठ होतं. बाजारात मिळणारे पॉलीचे इन्सर्ट नेमके या फटीत बसतात. स्वस्तातला आणि परतीची वाट ठेवणारा उपाय हाच: नाही आवडलं, तर काढून टाकता येतात. खरा बिघाड म्हणजे रबर धातूच्या कवचापासून सुटलेलं असणं, किंवा बोटाचं नख आत जाईल एवढी चीर. वरवरच्या बारीक रेषा वयाच्या असतात. उजवा माउंट पुष्कळ गाड्यांत द्रव भरलेला असतो. तो फुटला की खाली काळपट ओघळ दिसतो. दिसायला तंतोतंत तसाच, पण आत द्रव नसलेला डुप्लिकेट माउंट मिळतो, त्यापासून सावध राहावं.

तपासणी दोन माणसांची. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, एकाने ब्रेक दाबून पहिला आणि मग रिव्हर्स गिअर टाकून क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडावा. दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन बघावं. गाडीच्या पुढे-मागे कोणीही उभं राहू नये. इंजिन सेंटिमीटरभर कललं तर ठीक, इंचभर उडालं तर माउंट गेला. मात्र गाडी उभी असतानाच थरथरत असेल आणि ठक् येत नसेल, तर आधी प्लग, कॉइल आणि थ्रॉटल बॉडी तपासा. एक सिलिंडर नीट पेटत नसेल तर नवे माउंट काहीही करू शकत नाहीत.

टॉर्क रॉड बदलणं तासाभराचं काम. इंजिन थंड, जमीन सपाट, मागच्या चाकांना अडण्या, गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नये. दांडा काढताच इंजिन थोडं झुलतं आणि भोकं जुळेनाशी होतात, म्हणून गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा हलका आधार द्यावा. संपखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीखाली) जॅक लावायचा झाला तर ठोकळा रुंद हवा, नाहीतर पातळ पत्रा आत दबतो. वरचा माउंट काढताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडावं आणि एका वेळी एकच माउंट उघडावा. नवे बोल्ट आधी हातानेच फिरवावेत. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं असतं, तिरका बोल्ट रॅचेटने रेटला की आटे गेलेच. सगळं ढिलं ठेवून इंजिन हाताने पुढे-मागे हलवावं, ते आपल्या जागी स्थिरावू द्यावं आणि मगच आवळावं, टॉर्क रॉड सगळ्यात शेवटी. आवळताना रबरात पीळ राहिला तर ते कायम ताणलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ८.८ ग्रेडच्या एम१० (१० मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला सर्वसाधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर आणि एम१२ ला ८० ते ८५ धरतात, पण अंतिम आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच. दाबून बसवायचं बुश असेल तर हातोडीने ठोकत बसू नका. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक पट्ट्यात प्रेस असलेलं वर्कशॉप शोधावं लागत नाही.

फटीत दोन घटकांचं द्रव पॉलियुरेथेन ओतून घरीच माउंट कडक करण्याचा मार्गही आहे. फटीचं आकारमान रवा भरून मोजा. १०० मिलिलिटरला मिश्रण साधारण १०५ ते ११० ग्रॅम लागतं. दोन्ही भाग वजनकाट्यावर, डब्यावर दिलेल्या प्रमाणातच घ्यावेत, कारण डोळ्यांच्या अंदाजाने केलेलं मिश्रण चिकटच राहतं. रबर आधी तेलमुक्त आणि कोरडं ठणठणीत हवं. हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढू नये: यातला आयसोसायनेट हा घटक हवेतल्या ओलाव्याशी अभिक्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि आत बुडबुडे अडकून माउंट जाळीदार होतो. त्याची वाफ फुप्फुसांना घातक आहे, त्यामुळे मोकळी हवा आणि हातमोजे हवेतच. दुसऱ्या दिवशी ते घट्ट लागतं, पण पूर्ण ताकद यायला आठवडा जातो. तयार बुश घेताना पॉलिइथर जातीचं मागावं. पॉलिएस्टर जातीचं उष्णता आणि ओल एकत्र आली की हळूहळू मोडत जातं, आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाडीला दोन्ही भरपूर मिळतात.

नव्या रबराचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र वॉशिंग सेंटरवर भेटतो. गंज लागू नये म्हणून गाडीखाली डिझेल-ऑइलचा फवारा मारतात. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं, मऊ पडतं आणि धातूपासून सुटतं. फवारा नको म्हणून आधीच सांगावं. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग पाझरत असेल तर तेही माउंट बसवण्याआधी बदलावं, नाहीतर बऱ्याच गाड्यांत ते तेल थेट उजव्या माउंटवर ओघळतं. पॉलीच्या बुशला चरचर आवाज आला तर सिलिकॉन ग्रीस लावावं. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा टॉर्क रेंचने तपासावेत, आणि सायलेन्सरचा लवचीक जोड कुठे घासत नाही ना, तेही त्याच वेळी बघून घ्यावं.